आयर्लंडच्या चुलीवरचें स्ट्यू

आयर्लंड हें नांव मराठी घरांत प्रथम शिरलें तें राजकारणाच्या दारानें. लोकमान्य टिळकांनीं १९१६ च्या एप्रिल महिन्यांत बेळगांव येथें होमरूल लीग स्थापन केली, तेव्हां 'होमरूल' हा शब्द आयरिश लोकांच्या चळवळींतूनच इकडे आलेला होता. त्या देशाचे पुढारी, त्यांचे लढे आणि त्यांचे तुरुंगवास यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु ज्या लोकांनीं हे लढे दिले ते घरीं काय जेवत होते, त्यांच्या चुलीवर काय शिजत होतें, याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. राष्ट्राचा इतिहास दरबारांत आणि रणांगणावर घडतो, तसाच तो स्वयंपाकघरांतहि घडत असतो. आजच्या भाषणाचा विषय असेंच एक पातेलें आहे. गोमांस आणि 'स्टाउट' नांवाची काळी बिअर मंद विस्तवावर दोनतीन तास शिजवून केलेलें आयरिश स्ट्यू, हा तो विषय.

विषयाचें नांव ऐकून कांहीं श्रोत्यांच्या भुंवया वर चढतील, हें उघड आहे. आपल्याकडील बहुसंख्य घरांत गोमांस निषिद्ध आहे. महाराष्ट्रांत गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्यानें बंदी होती. २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाहि लागू झाली आहे. तेव्हां हा पदार्थ येथें करून पाहावा, असा आग्रह मुळींच नाहीं. पण शेजाऱ्याचें ताट समजून घेतल्यानें आपलें ताट विटाळत नाहीं. शिवाय आज डब्लिनसारख्या शहरांत नोकरीधंद्यानिमित्त राहणारीं मराठी कुटुंबें आहेत. शेजाऱ्याचें आमंत्रण आल्यावर समोरच्या वाडग्यांत काय आहे, तें कसें झालें आहे आणि त्यांतलें आपल्याला काय चालतें, हें ठाऊक असणें त्यांना तरी अगत्याचें आहे.

प्रथम 'स्ट्यू' म्हणजे काय तें पाहूं. मांसाचे तुकडे बेताच्या द्रवांत, झांकण ठेवून, मंद आंचेवर दीर्घ काळ शिजविण्याच्या रीतीला हें नांव आहे. आपल्या रश्श्याहून तें दाट असतें, आणि त्यांत मसाल्याचें वाटण नसतें. आयर्लंडचें जुनें आणि नांवाजलेलें स्ट्यू मेंढीच्या मांसाचें. कांदे, बटाटे, पाणी आणि मीठ एवढ्यावरच तें होत असे. गोमांस आणि स्टाउट यांचें स्ट्यू हें त्याचें भावंड म्हणावयास हरकत नाहीं. युरोपांत जेथें द्राक्षांचे मळे आहेत तेथें मांस द्राक्षाच्या मद्यांत शिजतें; फ्रान्सच्या बर्गंडी प्रांताची त्याबद्दल ख्याति आहे. जेथें हवा थंड आणि ओली, द्राक्ष पिकत नाहीं पण जव पिकतो, तेथें तेंच काम बिअर करते. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागांत कांदे आणि गडद रंगाची बिअर घालून गोमांस शिजवितात. आयर्लंडांत ती जागा स्टाउटनें घेतली आहे.

आतां या पातेल्यांतील दोन मुख्य जिन्नसांची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. पहिला जिन्नस गोमांस. प्राचीन आयर्लंडांत गाय हेंच धन होतें. दंड, देणें, मनुष्याची प्रतिष्ठा यांची मोजदाद तेथील जुन्या कायद्यांत गाईंच्या संख्येनें होत असे, आणि तेथील सर्वांत प्रसिद्ध वीरकथा एका बैलासाठीं झालेल्या स्वारीची आहे. 'गोधन' हा शब्द ज्यांच्या भाषेंत आहे त्यांना हें सहज उमगेल. पण त्या काळीं गाय मुख्यतः दुधासाठीं पाळीत. सामान्य मनुष्याचें जेवण दूध, लोणी आणि ओट यांवर होई. मांस हा सणावाराचा किंवा श्रीमंताचा भाग होता.

पुढें देश इंग्रजांच्या हातीं गेला आणि गाईगुरें हा व्यापाराचा माल झाला. १६६७ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें आयरिश जनावरांची आयात बंद केली. तेव्हां कॉर्क बंदरांत जनावरें कापून, मांस खारवून, तें लांकडी पिंपांत भरून धाडण्याचा धंदा फोफावला. तें खारवलेलें मांस आरमाराच्या खलाशांनीं खाल्लें, वेस्ट इंडीजच्या मळ्यांवरहि तें पोंचलें. ज्या शेतकऱ्याच्या कुरणावर तें जनावर वाढलें त्याच्या ताटांत मात्र बटाटा आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं गरीब आयरिश कुटुंब बटाटा आणि ताक यांवरच जगत होतें. १८४५ सालीं त्या बटाट्यावर करपा पडला, आणि १८५२ पर्यंत चाललेल्या दुष्काळांत सुमारें दहा लाख माणसें मेलीं. दहा लाखांहून अधिक देश सोडून गेलीं. १८४१ च्या शिरगणतींत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ च्या शिरगणतींत ती ६५ लाख ५२ हजारांवर आली. आणि त्याच वर्षांत धान्यानें व जनावरांनीं भरलेलीं जहाजें आयरिश बंदरांतून इंग्लंडकडे जातच होतीं. त्या दुष्काळपीडितांसाठीं दूरदेशाहून आलेल्या पहिल्या मोठ्या वर्गणींपैकीं एक १८४६ सालीं कलकत्त्याहून गेली, हेंहि येथें ध्यानांत घ्यावें. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनमधील माणसें अन्नावांचून मरत असतां हिंदुस्थानांतून धान्य परदेशीं जात राहिलें, हें ज्यांनीं वाचलें आहे त्यांना आयर्लंडची ही हकीकत परकी वाटणार नाहीं.

म्हणूनच आयरिश घरांतील गोमांसाच्या पातेल्याकडे केवळ चवीच्या दृष्टीनें पाहून भागत नाहीं. गुरें राखणाऱ्याच्या घरींच त्या गुरांचें मांस नव्हतें, असा तो देश होता. पुढें दिवस पालटले तेव्हांहि सामान्य गृहिणीच्या हातीं पडला तो जनावराचा मऊ, महाग भाग नव्हे. खांदा, मान, नडगी असा वातड आणि स्वस्त भागच तिला परवडला. अशा भागाचें रुचकर अन्न कसें करावें, या प्रश्नाला स्ट्यू हें उत्तर आहे.

दुसरा जिन्नस स्टाउट. 'स्टाउट' या शब्दाचा अर्थ दणकट, जोरकस. अठराव्या शतकांत लंडनमध्यें 'पोर्टर' नांवाची गडद बिअर लोकप्रिय झाली. ओझीं वाहणाऱ्या हमालांना ती फार आवडे, म्हणून तिला त्यांचेंच नांव पडलें. तिचाच अधिक कडक प्रकार तो 'स्टाउट पोर्टर', आणि पुढें नुसती स्टाउट. डब्लिन शहरांत १७५९ सालीं आर्थर गिनेस यानें सेंट जेम्सेस गेट येथील एक मद्यशाळा वार्षिक ४५ पौंड भाड्यानें घेतली. हा करार ९,००० वर्षांचा होता! इतक्या लांबचा विचार करणारा मनुष्य व्यापारांत मागें पडता तरच नवल. १७९९ सालीं त्या मद्यशाळेनें फिकट रंगाची बिअर करणें सोडून दिलें आणि सगळें लक्ष पोर्टरवर दिलें.

या बिअरचा काळा रंग कोठून येतो? जव भिजवून त्यांना मोड आणतात आणि मग ते वाळवितात. नाचणीचें सत्त्व करतांना आपल्या घरांत मोड आणण्याची जी क्रिया होते, तीच ही. मोड येतांना धान्यांतील पिष्टाची साखर करणारीं द्रव्यें तयार होतात. अशा मोडाच्या जवाला 'माल्ट' म्हणतात. १८१७ सालीं डॅनिअल व्हीलर नांवाच्या इंग्रजानें हें माल्ट फिरत्या नळकांड्यांत, कॉफीच्या बियांप्रमाणें, काळें होईपर्यंत भाजण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून थोड्याशा काळ्या माल्टनें सगळ्या बिअरला रंग आणि खरपूस कडवटपणा देतां येऊं लागला. हॉप नांवाच्या वेलीचीं फुलें त्यांत निराळा कडूपणा आणि सुवास घालतात. कडक कॉफी, थोडासा करपलेला पाव आणि किंचित् आंबट झांक, असा हा स्वाद आहे. १९२९ पासून जाहिरातींनीं ही बिअर प्रकृतीस हितकर असल्याचा डांगोरा पिटला आणि कित्येक वर्षें लोकांनीं तो खराहि मानला. आज वैद्यकशास्त्र तसें मानीत नाहीं. पातेल्यांत ती घालावयाची ती औषध म्हणून नव्हे, चवीसाठीं.

आतां प्रत्यक्ष कृति. सहा माणसांसाठीं एक किलो मांस घ्यावें, तें खांद्याचें किंवा नडगीचें. येथें शास्त्राचा थोडा भाग समजून घेतला पाहिजे. जनावराच्या ज्या अवयवांना सतत काम पडतें त्यांच्या मांसांत 'कोलॅजेन' नांवाचें चिवट द्रव्य पुष्कळ असतें. त्यामुळेंच तें वातड लागतें. पण हेंच द्रव्य ओलसर उष्णतेंत, सुमारें ७० अंश सेल्सिअसच्या पुढें, हळूहळू विरघळून त्याचें जिलेटिन होतें. मटणाच्या पायांचा रस्सा गार झाल्यावर थिजतो, तो या जिलेटिनमुळेंच. उलट, मऊ आणि महाग भागांत हें द्रव्य कमी. तो दोन तास शिजविला तर कोरडा चोथा होतो. स्ट्यूसाठीं स्वस्त भाग घ्यावा असें सांगतात तें कृपणपणामुळें नव्हे. तोच भाग येथें अधिक योग्य असतो.

मांसाचे चार ते पांच सेंटिमीटर जाडीचे तुकडे करावे. ते कापडानें अगदीं कोरडे टिपावे, मीठ आणि मिरपूड लावावी, आणि दोन मोठे चमचे गव्हाच्या पिठांत घोळवावे. जाड बुडाच्या पातेल्यांत थोडें तेल चांगलें तापवून तुकडे सर्व बाजूंनीं गडद तपकिरी होईतों परतावे. सगळे तुकडे एकदम घालूं नयेत. तीनचार हप्ते करावे. दाटी झाली कीं तुकड्यांना पाणी सुटतें आणि ते भाजण्याऐवजीं उकडले जातात. या भाजण्यावरच अर्ध्या स्वादाची भिस्त आहे. आपल्याकडे कांदा आणि खोबरें खमंग भाजल्यावांचून वाटणाला चव येत नाहीं, त्यांतलेंच हें मर्म आहे.

तुकडे काढून ठेवून त्याच पातेल्यांत दोन मोठे कांदे जाडसर चिरून घालावे, आणि दहा मिनिटें मऊ होऊं द्यावे. मग लसणाच्या दोन पाकळ्या, सेलरीचे दोन दांडे आणि टोमॅटोच्या दाट गराचा एक मोठा चमचा घालून दोन मिनिटें परतावें. आतां पातेल्याच्या बुडाशीं तपकिरी खरवड धरलेली असते. कित्येक जण पातेलें बदलून ती टाकून देतात. हा नासाडीचा कळस होय. अर्धा लिटर स्टाउट ओतावी आणि लांकडी उलथन्यानें ती खरवड खरडून त्या द्रवांत मिसळावी. फेंस वर येईल, तो बसूं द्यावा. नंतर तुकडे परत घालावे. मांसाच्या हाडांचा पातळ रस अर्धा लिटर, थाइमच्या दोन काड्या, दोन तमालपत्रें आणि एक लहान चमचा साखर घालावी. मांस जेमतेम बुडेल एवढाच द्रव असावा.

एक उकळी आली कीं आंच कमी करावी, झांकण ठेवावें, आणि येथून पुढें स्वयंपाक करणाऱ्याची परीक्षा सुरू होते. पातेलें रटरटूं देऊं नये. पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा यावा, इतकीच ऊब पाहिजे. पहिल्या तासानंतर तुकडा चाखून पाहिला तर तो आरंभापेक्षां अधिकच वातड लागतो. उष्णतेनें मांसाचे धागे आक्रसलेले असतात, आणि कोलॅजेन अजून विरघळलेलें नसतें. या वेळीं उतावीळ मनुष्य विस्तव वाढवितो, आणि मग धागे आणखी पिळवटून मांस कोरडें पडतें. समंजस मनुष्य झांकण परत ठेवतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. दीड तासानें तीन गाजरांचे मोठे तुकडे घालावे. त्यांचा गोडवा स्टाउटच्या कडवटपणाला आवरतो. आणखी तासाभरानें मांस चमच्याच्या कडेनें तुटूं लागलें, म्हणजे स्ट्यू झालें. रस्सा पातळ वाटला तर झांकण काढून थोडा आटवावा, पण फार आटवूं नये. आटतांना कडूपणाहि वाढतो. जोडीला उकडून लोणी घालून कुसकरलेले बटाटे वाढतात. उरलेलें स्ट्यू दोन तासांच्या आंत थंड करून शीतकपाटांत ठेवावें. दुसऱ्या दिवशीं तें अधिक चवदार लागतें, आणि वर थिजलेला चरबीचा थर सहज काढतां येतो.

ही मंद आंच आयरिश लोकांना मुद्दाम शिकावी लागली नाहीं. त्या देशांत जंगलें थोडीं उरलीं होतीं. खेड्यांतील घरोघर दलदलींतून कापून वाळविलेल्या पीटच्या विटा जाळीत. गोवरीप्रमाणें हें इंधन भडकत नाहीं, धुमसत राहतें. रात्रीं राखेखालीं विस्तव झांकून ठेवीत आणि सकाळीं तोच फुंकून जागा करीत. अशा चुलीवर आंकड्याला टांगलेलें लोखंडी भांडें तासन् तास शिजत राही. आपल्याकडे गोवऱ्यांच्या आंचेवर तापलेल्या दुधाची साय ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना धुमसत्या विस्तवाचा गुण समजावून सांगणें नको.

एका गोष्टीचा खुलासा येथें केलाच पाहिजे, कारण तिच्याविषयीं गैरसमज फार आहे. शिजतांना बिअरमधील सगळें मद्यार्क उडून जातें, असें पाहुण्याला बिनदिक्कत सांगण्यांत येतें. तें खरें नाहीं. अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या कोष्टकाप्रमाणें अर्धा तास शिजल्यावर मूळच्या मद्यार्कापैकीं सुमारें ३५ टक्के, एक तासानें २५ टक्के आणि अडीच तासांनींहि सुमारें ५ टक्के शिल्लक राहतें. स्टाउटमध्यें मुळांतच मद्यार्क चारपांच टक्क्यांच्या आसपास, म्हणून एका वाडग्यांत उरतें तें अत्यल्प असतें; नशा येण्याचा संभव नाहीं. परंतु ज्याला धर्मानें, व्रतानें, वैद्याच्या सांगण्यानें किंवा मोठ्या कष्टानें सोडलेल्या व्यसनामुळें मद्याचा थेंबहि वर्ज्य आहे, त्याच्या दृष्टीनें अत्यल्प आणि मुळींच नाहीं यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. यजमानानें हें स्वच्छ सांगावें, आणि पाहुण्यानेंहि संकोच न करतां विचारावें. अन्न वाढणाऱ्यानें ताटांत काय आहे तें लपवूं नये, हा आतिथ्याचा पहिला नियम कोणत्याहि देशांत बदलत नाहीं.

मद्य नको असेल तर नुसत्या रसांत हेंच स्ट्यू उत्तम होतें. गोमांस नको असेल तर शेळीच्या किंवा मेंढीच्या मांसालाहि हीच रीत लागू पडते. त्याला मग स्टाउटचें किंवा गोमांसाचें नांव देऊं नये, एवढेंच. नांव बदललें तरी त्यांतली विद्या तीच राहते. स्वस्त आणि वातड भाग घ्यावा, तो नीट भाजावा, बुडाशीं धरलेलें वायां घालवूं नये, आणि मग विस्तव वाढविण्याचा मोह आवरून वाट पाहावी.

आजहि आयर्लंडांत तयार होणाऱ्या गोमांसापैकीं सुमारें नऊ दशांश माल परदेशीं जातो. फरक इतकाच, आणि तो लहान नाहीं, कीं आतां हा व्यापार तो देश आपल्या इच्छेनें आणि आपल्या लाभासाठीं करतो, आणि कुरणाच्या धन्याच्या घरींहि पातेलें चुलीवर असतें. ज्यांचे पूर्वज गुरांनीं भरलेलीं जहाजें उपाशीपोटीं पाहत बंदरावर उभे राहिले, त्यांच्या नातवंडांपणतवंडांना स्वतःच्या कुरणावरील अन्न स्वतःच्या घरांत, निवांतपणें, दोनतीन तास शिजवितां येतें. होमरूलची मागणी करणाऱ्यांनीं ज्या अनेक गोष्टींसाठीं आयुष्यें वेंचलीं, त्यांत ही साधी गोष्टहि होती.